मेमरी क्लिनिक, दुसरा मजला: पाचपैकी चार तारे

नाना ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडावर. आई गेली आणि सहा महिन्यांत गॅस चालू ठेवून झोपायला लागले, नातवाचं नाव चुकायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी 'डिमेन्शियाच, वय झालं' म्हणत तीन मिनिटांत गोळी लिहून दिली. माझं काही समाधान होईना, म्हणून हे क्लिनिक गाठलं.

इथे पहिल्या भेटीला सव्वा तास दिला. तपासणी सगळी मराठीतून. शंभरातून सात वजा करत जा, म्हटल्यावर नाना म्हणाले, "काय माहीत." आज वार कोणता? "काय माहीत." मनात येईल ते एक वाक्य लिहा, तर कागद कोराच. तीसपैकी १९. माझे हातपायच गळाले. डॉक्टरबाई मात्र त्या 'काय माहीत'पाशी थांबल्या. डिमेन्शियाचा माणूस पुष्कळदा चुकीचं का होईना, उत्तर ठोकून वेळ मारून नेतो. नैराश्यातला प्रयत्नच सोडतो, म्हणाल्या. एवढ्यावरून निदान होत नाही, हेही लगेच सांगितलं. मग हो-नाहीचे पंधरा प्रश्न. 'आयुष्य रिकामं वाटतं का?' या प्रश्नाला नाना रडले. आईच्या दहाव्यालाही रडले नव्हते.

थायरॉइड, एमआरआय वयाच्या मानाने ठीक. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. झोपेसाठी नाना वर्षानुवर्षं घेत होते ती जुनी गोळी हळूहळू बंद केली. तिनेही म्हणे विसरायला होतं. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतील, तोवर धीर धरा, असं बजावलं.

पूर्ण बरे होतील, असं गोड बोलून आम्हाला वाटेला लावलं नाही, हे मला फार आवडलं. म्हातारपणी पहिल्यांदाच येणारं नैराश्य कधी कधी डिमेन्शियाची सुरुवात असते, दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करायची.

एक तारा कापला तो बाकीच्या व्यवस्थेसाठी. लिफ्ट बंद. ७६ वर्षांच्या माणसाला दोन जिने चढवायचे, वर खुर्च्यांना हात नाहीत. काउंटरवरची मुलगी नानांच्या देखत मला विचारते, "पेशंटला कळतं का?"

तीन महिन्यांनी १९चे २५ झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी धडाधड, मग अडकले. वाक्याच्या जागी या वेळी नानांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'लिफ्ट अजून बंदच आहे.'