रस्ता झकास, पण तो खांब हलवा राव

पुनर्विकासातला नवा रस्ता दोन महिने वापरतोय. काँक्रीटला ठरलेली ताकद यायला साधारण 28 दिवस लागतात म्हणून गाड्या लगेच सोडल्या नव्हत्या, तेव्हा जाम वैतागलो होतो पण आता एक खड्डा नाही! केबलसाठी डक्ट (जमिनीखालचे पाइप) आधीच टाकलेत म्हणजे परत खोदाखोदी नको (बघू किती दिवस टिकतं). फुटपाथला रॅम्पही 1:12 उताराचा (बारा फुटांत एक फूट चढ), व्हीलचेअर आरामात चढते. पण अंधांसाठीच्या त्या पिवळ्या उंचवट्याच्या टाइल्स सरळ जाऊन विजेच्या खांबाला धडकतात, डोळे मिटून कोणी एकदा चालून बघितलं नाही का? शिवाय गटाराची जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटं वर, पाणी बाजूलाच तुंबतं. पाचपैकी साडेतीन.