बेळगावात जुन्या तबकड्या घ्यायच्या तर ह्या दुकानात जा

खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे, बोर्डबिर्ड काही नाही, बाहेर पितळी समया नि बंद पडलेली घड्याळं मांडलेली असतात, आत गेलं की रेकॉर्ड्स. ग्रामोफोनच्या जुन्या लाखेच्या तबकड्या जमवणाऱ्यांनी इथं जायलाच हवं. सगळ्या उभ्या लावलेल्या आहेत, आणि हे फार महत्त्वाचं, कारण आडव्या थप्पीत खालची वाकते नाहीतर तडकते.

दुकानदार मामा आधी भिंग हातात देतात. मी लेबल वाचत होतो तर म्हणाले, "नुस्तं लेबल काय बघूलालाय, आतलं कोरलेलं बघा की!" लेबलच्या कडेला जी कोरी पट्टी असते तिथं नंबर कोरलेला असतो, एचएमव्ही कंपनीच्या रेकॉर्डवर त्या नंबरापुढे छोटा त्रिकोण दिसला तर ती मायक्रोफोनवर, म्हणजे 1925 नंतर भरलेली. त्याआधी गायक कर्ण्यासमोर तोंड करून जोरात गायचे, वीज नव्हतीच त्यात. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची 1905 च्या सुमाराची आणि नंतरची 1930 च्या दशकातली ओडियन कंपनीची गाणी लागोपाठ ऐकली की हा फरक लगेच कळतो, पहिल्यात आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा, दुसऱ्यात श्वाससुद्धा ऐकू येतो.

इथली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे एकाच बाजूला गाणं असलेली तबकडी. उलटी केली की मागे खोबणी नाहीच, मधोमध पंखवाला देवदूत पीस घेऊन लिहीत बसलेला, उजेडात तिरकी धरली तरच नीट दिसतो. पुढच्या लेबलवर हॅनोव्हर, म्हणजे जर्मनीतलं शहर. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान वगैरेंची गाणी भरून घेतली तेव्हा रेकॉर्ड्स जर्मनीत छापून यायच्या, इथला कारखाना कलकत्त्यातच सियालदाला 1908 ला झाला. गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते तेसुद्धा तिकडच्या लोकांना कळावं म्हणून असं म्हणतात.

हे मुद्दाम लिहितोय कारण ऑनलाइन एकाने मला '1902 ची ओरिजिनल' म्हणून एचएमव्हीच्या कुत्र्याचं लेबल असलेली दाखवली, वर लेबलवर डमडम लिहिलेलं! कुत्रं आपल्याकडच्या लेबलवर आलं 1910 च्या दशकात आणि कलकत्त्याजवळच्या डमडमचा कारखाना 1928 चा. मामा असली थाप मारत नाहीत. कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन ठेवलाय, तो नवीन बनवलेला आहे, शोभेला घ्या, त्यावर चांगली रेकॉर्ड लावू नका, हे स्वतःहून सांगतात. आपल्या गंगूबाई हनगलांची, 'गांधारी' नावाने निघालेली, एक आहे, विकायची नाही पण वाजवून दाखवतात, प्रत्येक बाजूला नवी स्टीलची सुई घालून.

भाव कमी नाहीत आणि घासाघीस चालत नाही. कागदी पाकिटं बऱ्याच रेकॉर्ड्सना नाहीत, जाड पाकिटं नि पुठ्ठा बरोबर न्या, विशेषतः निपाणी-चिकोडीकडून बसने येणार असाल तर. आणि घरी आणल्यावर स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते, साध्या पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं पुरतं, लेबल मात्र कोरडंच ठेवायचं. दुपारी जेवायला दुकान बंद असतं तेवढं बघून जा.