नंबरचा स्की गॉगल ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा

जाड चष्मा लावणाऱ्या माणसाने स्कीइंगचं नाव काढलं की बाकीचे बूट-जॅकेटची चर्चा करतात आणि तो मनातल्या मनात विचार करत असतो, मला समोरचं दिसणार कसं? या अडचणीवर पोट भरणारे काही विक्रेते आहेत. त्यांतल्या एकाने मला ११,८०० रुपयांना गंडवलं. हल्ली ट्रेकिंगच्या ग्रुपमधून गुलमर्ग, औली, सोलंगला जाणारे बरेच दिसतात, त्यामुळे काय झालं ते तपशिलात लिहिते आहे. पैशांचं दुःख आहेच, पण बर्फावर चुकीच्या काचेतून बघणं त्याहून वाईट.

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ६.५० आणि सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा वेगळा नंबर) उणे १.२५, डाव्याला उणे ५.७५ आणि सिलिंडर उणे ०.७५. चष्मा काढला की समोरचा माणूस ओळखू येत नाही. डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी कॉन्टॅक्ट लेन्स बंद केल्या आहेत. नाहीतर तो सगळ्यात सोपा मार्ग. रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स, सिलिंडर असेल तर त्यासाठीची ‘टोरिक’ लेन्स, आणि वरून कुठलाही साधा स्की गॉगल. थंडीत लेन्स डोळ्यावर गोठते वगैरे म्हणतात त्यात तथ्य नाही, डोळ्याची ऊब पुरेशी असते. बॅगेतलं सोल्युशन मात्र गोठू शकतं, ते आतल्या खिशात ठेवावं.

लेन्स चालत नसेल तर ‘ओटीजी’ हा पर्याय, म्हणजे चष्म्यावरून घालायचा गॉगल. तो आतून खोल असतो आणि काड्यांसाठी बाजूच्या फोममध्ये खाचा असतात. चष्मा लहान आणि काड्या बारीक असतील तर ठीक, नाहीतर हेल्मेटखाली कानामागे असं दुखतं की विचारू नका. तिसरा पर्याय ‘इन्सर्ट’. नंबरची भिंगं बसवलेली एक छोटी चौकट गॉगलच्या आत अडकवतात. आणि काही ठिकाणी गॉगलमध्येच थेट नंबर देतात. हे चौथं प्रकरण ऐकायला छान वाटतं, पण माझ्यासारख्या नंबरला गॉगलची अख्खी वक्र काचच नंबरची घडवणं व्यवहारात जमत नाही. प्रामाणिक बनवणारे आत वेगळी भिंगं बसवतात आणि तसं सांगतात.

नुसत्या चष्म्यावर जायचं का नाही, असं आईनेही विचारलं होतं. गुलमर्ग गाव साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गंडोला, म्हणजे तिथला रोपवे, तुम्हाला आफरवत डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग परत तोंडावर फेकतो. कडेने उघड्या चष्म्यातून हे सगळं आत येतं. दिवसभर काही कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि पुढचा दिवस खोलीत पडदे ओढून जातो.

तर मी इन्सर्ट शोधत होते. सोशल मीडियावर एक पान सापडलं. फोटो सुरेख, मागे आल्प्ससारखे डोंगर, खाली खुशीत असलेल्या गिऱ्हाइकांच्या कमेंटी. जाहिरातीत लिहिलं होतं: थेट तुमच्या नंबरचा स्की गॉगल, पॉलीकार्बोनेट भिंगं, दुहेरी काच, धुकं धरणार नाही, ऊन आणि ढगाळ हवेसाठी दोन वेगळ्या काचा, युव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच), आंतरराष्ट्रीय प्रमाणित. फोनवर बोलणारा माणूस अत्यंत गोड. ‘मॅडम, फक्त प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाका, बाकी आमच्यावर सोडा.’ पैसे पूर्ण आगाऊ आणि यूपीआयने, कारण ‘कस्टम’, म्हणजे खास माझ्यासाठी बनवलेला माल. नाव आलं ते कुठल्या कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं. दोन आठवड्यांत पाठवतो म्हणाले. मग कारागीर आजारी, मग कुरिअरचा संप. पार्सल माझ्या हातात पडलं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि आता मला वाटतं की तेही ठरवूनच. परत करायला वेळच ठेवायचा नाही.

घरी ट्यूबलाइटखाली घातला तेव्हाच गरगरलं. फोन केला. ‘नवीन गॉगलची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतात मॅडम, अ‍ॅडजस्ट होईल.’ दुहेरी काचेबद्दल विचारलं तर म्हणे बर्फात गेल्यावर फरक कळेल. दुसरी काच पाकिटात नव्हती, ती ‘मागून येतेय’.

फरक कळला खरा. गुलमर्गला शिकाऊ लोकांच्या उतारावर एक छोटी ओढलिफ्ट असते. वरून तारेवर लोंबकळत दांडे येतात, आपला दांडा पकडायचा, खालची चकती पायांत घ्यायची आणि ओढत वर जायचं. माझ्यासमोर दर वेळी दोन दांडे येत होते. मी डावीकडचा पकडायला गेले, हातात हवा. उजवीकडचा पकडला तर तो माझ्या हेल्मेटवर आपटून पुढे गेला. मागे रांग. प्रशिक्षक ओरडले, ‘मॅडम, डंडा क्यों नहीं पकड़ रही?’ मी म्हटलं, सर, कौनसा वाला? रांगेतल्या सगळ्यांना हसू आलं, प्रशिक्षकांना नाही. त्यांनी माझा गॉगल उतरवून स्वतःच्या हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले की हा स्कीचा नाहीच, धुळीत मोटरसायकल चालवणाऱ्यांचा आहे. काच एकेरी. फोम पातळ, वर हवा जायला भोकं जवळजवळ नाहीत. त्यात आत इन्सर्टची आणखी एक थंड काच, म्हणजे वाफ बसायला दोन जागा. चढ चढून धाप लागली की आतून सगळं पांढरं. आणि मी आतून हातमोज्याने पुसत होते, त्याने जो काही लेप होता तोही गेला. (हे चांगल्या गॉगललाही करू नका. आतला धुकंरोधक लेप ओला असताना घासला की संपला. झटकून, हवेत धरून वाळू द्यायचा.)

दुपारी ढग उतरले तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. ती एकमेव काच आरशासारखी गडद होती. काचेतून किती टक्के उजेड आत येतो त्यावर श्रेणी ठरते. लख्ख उन्हासाठीची तिसरी श्रेणी ८ ते १८ टक्के, ढगाळ हवेसाठीची पहिली ४३ ते ८० टक्के. ढगाळ हवेत बर्फावर सावलीच पडत नाही, खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात, तेव्हा फिकट काच लागते. जाहिरातीतली दुसरी काच याचसाठी असते आणि तीच आली नव्हती. शेवटी तिथल्याच भाड्याच्या दुकानातून एक जुनाट ओटीजी घेतला, खाली माझा रोजचा चष्मा, आणि स्कीइंगचा कोर्स त्यावर काढला. कानामागचं दुखणं परवडलं, निदान दांडा एकच दिसत होता.

पुण्यात परतल्यावर आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्या काकांकडे गेले. त्यांनी इन्सर्ट लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला आणि मान वर न करताच म्हणाले, ‘अगं, हा तुझा नंबरच नाही.’ दोन्ही भिंगं उणे ६.००, साधी. सिलिंडर शून्य. म्हणजे माझं प्रिस्क्रिप्शन वाचलंच नव्हतं, तयार साठ्यातली जोडी उचलून बसवली होती. मग त्यांनी शाईने भिंगांचे मध्य खुणावले आणि पट्टी लावली. ६८ मिलिमीटर. माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६०. म्हणजे प्रत्येक बाजूला ४ मिलिमीटर बाहेर.

चार मिलिमीटरने काय होतं, असं मीही विचारलं. काकांनी पावतीच्या मागे हिशोब करून दाखवला. भिंगाच्या मध्यापासून जितके सेंटीमीटर सरकून बघाल, गुणिले नंबर, तितका प्रिझम, म्हणजे समोरचं बाजूला सरकवून दाखवणारा परिणाम, डोळ्यावर पडतो. ०.४ गुणिले ६ म्हणजे २.४, दोन डोळ्यांचे मिळून ४.८. लांबचं एक दिसण्यासाठी माझे डोळे सतत बाहेरच्या बाजूला फाकत होते, आणि थकले की सोडून देत होते. दोन दांडे तिथून आले. याची ‘सवय’ होत नसते. कमी नंबरवाल्याला एवढीच चूक फारशी जाणवणारही नाही. उणे एकच्या माणसाला ती ०.८ पडते. त्या पानाखालच्या काही कमेंटी कदाचित खऱ्याही असतील.

पॉलीकार्बोनेटचं काय, तर काकांनी कानस घेऊन भिंगाची कड किंचित घासली. पांढरी पूड पडली. पॉलीकार्बोनेट असतं तर धाग्यासारखा कीस निघाला असता, पूड म्हणजे सीआर-३९, चष्म्याचं साधं प्लास्टिक. आपण पडल्यावर डोळ्यापासून बोटभर अंतरावर असलेलं भिंग तुटायला नको, म्हणून तर पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या चिवट प्लास्टिकचा आग्रह धरायचा. बाहेरच्या काचेची युव्ही तपासणी मात्र ठीक निघाली, तेवढं एक खरं होतं. प्रमाणपत्राचं म्हणाल तर गॉगलवर फक्त ‘सीई’ ही युरोपची खूण छापलेली. स्की गॉगलचं मानक पूर्वी ईएन १७४ होतं, आता आयएसओ १८५२७-१ आहे, अमेरिकेचं एएसटीएम एफ६५९. यांतलं काहीही चौकटीवर, पट्ट्यावर, खोक्यावर नव्हतं.

तेव्हा नंबरचा गॉगल किंवा इन्सर्ट विकणारा तुमचा पीडी विचारत नसेल तर फोन तिथेच ठेवा. नंबरच्या कागदावर बरेचदा पीडी लिहिलेला नसतो, त्यामुळे कागदाच्या फोटोवरून काम भागतं म्हणणारा माणूस काय बसवणार आहे हे उघड आहे. त्याहून बरं म्हणजे नावाजलेल्या गॉगलचा रिकामा इन्सर्ट घ्यायचा आणि भिंगं आपल्या ओळखीच्या चष्मेवाल्याकडून बसवून घ्यायची. पापण्या टेकतात का ते तिथेच कळतं, बिलही मिळतं.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याची भाषा बदलली. ‘कस्टम माल परत घेत नाही.’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि इथे तर कस्टम काही केलंच नव्हतं. काकांनी दुकानाच्या लेटरहेडवर मोजमापं लिहून दिली, ती पाठवली. मग ३,००० रुपये देतो, पानावर लिहिलेली तक्रारीची कमेंट काढा, असा निरोप आला. मी नाही म्हटलं. त्यानंतर ब्लॉक. बँकेने सांगितलं की यूपीआयने तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. क्रेडिट कार्ड असतं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेता उत्तर देईना, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मात्र समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे तो होता, कारण कुरिअरचं लेबल लावलेलं खोकं आईने ‘लागेल कशाला तरी’ म्हणून माळ्यावर टाकलं होतं.

ते पान आता दुसऱ्या नावाने चालू आहे. स्कीबरोबर बाइक आणि पोहण्याचे ‘नंबरचे’ गॉगलही विकतात. फोटो तेच आहेत, सगळे समोरून काढलेले, आतल्या इन्सर्टचा एकही नाही.