जुन्या जिनिंगमागची जिम : आठ महिने झाले, खरं काय ते सांगतो

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं गाव आहे माहं, पोलिस भरतीची तयारी करून रायलो. 1600 मीटर निघते, 100 मीटर बी निघते, गोळाफेकीचं बी जमून जाते, अडचण होती छातीची. पोट्ट्यांची छाती न फुगवता 79 सेंटीमीटर लागते अन् फुगवली की 5 सेंटीमीटर वाढायले पायजे, माही भरत होती 77. उंची-छाती आधी मोजतात, तिथंच बाहेर काढलं तर दोन वर्ष डांबरी रोडवर पाय घासले ते कोणाले दाखवता? वजन होतं 53 किलो.

जिमच्या आधी मी एक चूक केली ते सांगतो, कारण आमच्या गावातले अजून तीन पोट्टे तेच करून रायले. नागपूरच्या एका दुकानातून मास गेनरचा (वजन वाढवाच्या पावडरचा) 3 किलोचा डब्बा आणला, 2,800 रुपये, माय त्या टायमाले कापूस वेचाले दुसऱ्याच्या वावरात जात होती. महिन्यात वजन 3 किलो वाढलं, मी खूष, टेप लावला तर छाती 77 च्या 77 अन् पॅन्टचं बटन लागेना. नंतर डब्बा फिरवून वाचला. 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 15 ग्रॅम, कार्ब 70 च्या वर, अन् सामानाच्या यादीत पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. यादीत जे सगळ्यात जास्त असते ते आधी लिहा लागते. म्हणजे गोड पीठच आणलं म्या एवढ्या पैशात. डब्बा संपला तसं वजन बी उतरलं, 54 वर आलं.

आता जिमचं. जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्याच्या, मागं टिनाचं शेड आहे, बाहेर बोर्ड नाही, महिन्याचे 400 रुपये, सकाऊन 5 ले उघडते. मशीन फक्त दोन, बाकी सगळं लोखंड. चकत्या इथल्याच वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतल्या आहेत अन् बाजूच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून त्याच्यावर लाल पेंटनं वजन लिहिलं आहे, म्हणून 10 लिहिलं तर ते 10 च भरते. सव्वा किलोच्या चकत्या दोनच जोड्या आहेत अन् सगळे पोट्टे त्याच्यासाठी थांबून रायतात, कारण सरांचं सगळं त्या सव्वा किलोवरच चालते.

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले, ते 1914 पासूनचं मंडळ आहे, आमच्या इकडे मास्तर मंडळी तिथलं नाव काढलं की आदरानं बोलतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं सर मले छाती वाढवाची आहे, तर मले उलटं फिरवलं अन् म्हणे, "टेप छातीवरून एकटी जाते का रे? पाठीवरून बी फिरते ना. पाठ कुठी आहे तुही?" मंग बेंच प्रेसच्या (झोपून बार छातीवरून वर ढकलाचा) बरोबरीनं पाठीसाठी रोइंग (वाकून बार पोटाकडं ओढाचा) अन् चिनअप्स (दांड्याले लटकून वर चढाचं) सुरू केले, स्क्वॅट अन् डेडलिफ्ट बी, आठवड्यातून चार दिवस. अन् वही. वही नसली तर बारले हात लावू देत नाहीत. कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, सगळं लिहाचं, तिन्ही सेटमध्ये 12-12 निघाले की दोन्हीकडून सव्वा-सव्वा किलो चढवाचं अन् पुन्हा 8 पासून सुरू कराचं. मी बेंच 25 किलोवर सुरू केला होता, आज 50 किलो 8 वेळा निघते, अन् एकही उडी मारली नाही मधात, वही दाखवू शकतो.

रातच्या लाईटीचं बी सर विचारतात हे मले सगळ्यात आवडलं. आमच्या फिडरले आठवड्यातले काही दिवस वावरातली लाईट रातीच येते, हरभऱ्याले पाणी द्या लागते, नाही तर डुकरासाठी जागलीले जा लागते. तसा रातभर जागून आलो की सर म्हणतात आज वजन कमी कर, नाही तर घरी जाऊन झोप, मांस झोपेतच भरते. दुसरीकडं असतं तर 'जोर लाव' म्हटलं असतं.

खाण्याचं त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून देलं. किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मले नव्वदच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या 50 ग्रॅम (त्याच्यातच 26 ग्रॅम निघते), चार अंडे, अर्धा लिटर दूध, भिजवलेले चणे, मूठभर शेंगदाणे, अन् तुरीचं वरण घट्ट, पातळ पाणी नाही. भाकर पोटभर, भाकर कमी कराले कोणी सांगितलं तर ऐकू नका, वजन वाढवाचं असल्यावर धान्य लागतेच. एक चूक इथं बी केली, म्हटलं घरी सोयाबीनचे पोते पडून आहेत, वड्या कायले विकत आणाच्या, म्हणून चण्यासारखं सोयाबीन भिजवून कच्चंच खाल्लं. दोन दिवस पोट असं दुखलं का विचारू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असते, तो चांगलं शिजवल्यावरच जाते. कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा, किंवा सरळ वडी खा.

सर पावडर विकत नाहीत अन् घ्या बी म्हणत नाहीत. चौथ्या महिन्यात मीच क्रिएटिनचं (जोर वाढवाले घेतात ती पावडर) विचारलं तर म्हणे साधं मोनोहायड्रेट घे, रोज 5 ग्रॅम, पाणी भरपूर पी, डब्ब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर (खाद्य परवान्याचा) आधी तपासून पाहा. 250 ग्रॅमचा डब्बा 50 दिवस पुरते. पहिल्या पंधरा दिवसात किलोभर वजन वाढलं, ते स्नायूत पाणी धरते त्याचं, मांस नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाकी वजन दोन-दोन वेळा जास्त निघते एवढं खरं. ज्याले किडनीचा त्रास आहे त्यानं डॉक्टरले विचारल्याशिवाय घेऊ नये.

अन् इंजेक्शनवाले पोट्टे इथं चालत नाहीत. एक जण मेफेंटरमाइन घेऊन आला होता, त्याले त्याच दिवशी काढलं. ते ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर डॉक्टर देतात ते औषध आहे, व्यायामाआधी टोचून घेणं म्हणजे आपल्याच काळजाशी खेळणं, अन् वीस-बावीस वर्षाचे पोरं हे करून रायले म्हणून मी मुद्दाम लिहितो.

आता कमी काय आहे ते. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या खाली सात वाजल्यानंतर उभं राहवत नाही, एकच पंखा आहे अन् तो बी लाईट असली तर. पण माही खरी नाराजी दुसरी आहे. माही लहान बहीण बी भरतीची तयारी करून रायली, पोरींले 4 किलोचा गोळा असते, तिले बी खांद्यात ताकद लागतेच ना, पण पोरींसाठी वेगळा टाइम नाही. चारदा बोललो, सर म्हणतात दहा पोरी झाल्या की दुपारी 11 ते 12 उघडू. आतापर्यंत सहा नावं झाले. आर्वी तालुक्यातल्या कोणाच्या घरी तयारी करणारी पोरगी असन तर जिममध्ये नाव देऊन ठेवा, चारच कमी आहेत. तोपर्यंत बहीण घरी पोत्यात माती भरून उचलते, वही मात्र तिची बी सुरू केली आहे म्या.

पाचपैकी चार स्टार, एक पोरींच्या टायमासाठी राखून ठेवला. मागच्या सोमवारी सरांनी टेप लावला, न फुगवता साडे 81, फुगवून 87, वजन साडे 61. जायचं असन तर साडेपाचच्या आत जा, नाही तर सव्वा किलोच्या चकत्या भेटत नाहीत.