इंच की महारीज : केरीच्या किनाऱ्यावर निवांत दिवस काढण्यासाठी

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी काउंटीतील डिंगल द्वीपकल्पावर महिना-दोन महिने मुक्काम असेल आणि एक अख्खा दिवस वाळूवर घालवायचा असेल, तर निवड मुख्यतः दोन किनाऱ्यांमध्ये करावी लागते : दक्षिणेकडील इंच आणि उत्तरेकडील महारीज. कोकणात जून उजाडला की समुद्र खवळतो, तर इथे त्याच सुमारास हंगाम सुरू होतो. मात्र ऑगस्टमध्येही पाण्याचे तापमान १५-१६ अंशांच्या आसपासच असते, त्यामुळे दिवस सुखाचा जाईल की नाही, हे पाण्यापेक्षा वारा अधिक ठरवतो.

इंच हा डिंगलच्या उपसागरात घुसलेला, सुमारे ५ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. गाडी थेट पुळणीवर नेता येते, स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याची सोय किनाऱ्याच्या तोंडाशीच आहे आणि उतार सौम्य असल्याने लहान मुलांना दूरवर उथळ पाणी मिळते. मुलाकडे राहायला आलेल्या, गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल, तर या सोयींना तोड नाही. उन्हाळ्याच्या मुख्य हंगामात जीवरक्षकही असतात. पोहायचे ते त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच. अडचण अशी की हा किनारा पश्चिमेला उघडा आहे आणि नेहमीचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की बसायला आडोसा सापडत नाही. शिवाय भरतीचे वेळापत्रक न पाहता गाडी ओल्या वाळूत उभी करणे हा महागात पडणारा उद्योग आहे.

महारीज ही कॅसलग्रेगरी गावाच्या उत्तरेला पसरलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला ब्रँडनचा उपसागर आणि पूर्वेला ट्रेलीचा. पश्चिमेची बाजू लाटांची आणि वाऱ्याची, म्हणूनच विंडसर्फिंग करणाऱ्यांची आवडती; पूर्वेची बाजू वाळूच्या टेकड्यांमुळे पुष्कळदा शांत. पश्चिमेचा वारा बोचू लागला, तर सामान उचलून थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जाता येते, आणि दिवसभर बसायचे असेल तेव्हा या एका गोष्टीचे मोल इंचच्या सर्व सोयींहून जास्त आहे, असे माझे मत आहे. समोर ९५२ मीटर उंचीचा माउंट ब्रँडन कधी ढगांत जातो, कधी बाहेर येतो. पुस्तक बाजूला ठेवून तेवढे पाहत बसावे. सोयी विखुरलेल्या असल्याने डबा सोबत न्यावा. टेकड्यांवरचे गवत वाळू धरून ठेवते, म्हणून तिथे आखून दिलेल्या वाटेनेच चालावे.

मुक्काम डिंगल गावात असेल, तर महारीजला जाताना कॉनर खिंडीचा अरुंद रस्ता लागतो. धुके असताना किंवा अशा रस्त्याची सवय नसताना त्या वाटेने जाऊ नये. त्या दिवशी इंच गाठणेच शहाणपणाचे. स्ली हेडजवळची कुमिनूल ही पुळण ब्लास्केट बेटांच्या दृश्यासाठी जरूर पाहावी, पण तिथले प्रवाह पोहण्यास धोकादायक आहेत आणि भरतीत वाळू फारशी उरत नाही, त्यामुळे दिवसभराच्या बेतासाठी ती विचारातच घेतलेली नाही.

मुक्काम लांबचा असल्याने तारीख आधी ठरवण्याची गरज नाही. सकाळी वाऱ्याचा अंदाज आणि भरतीची वेळ पाहावी. वारा पडलेला असेल आणि दुपारी ओहोटी असेल, तर इंच, अन्यथा महारीज. जूनअखेरीस सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होत असल्याने दुपारी उशिरा निघाले तरी चालते.