गरम इंजिनावर दाखवलेली पिकअप

गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामाच्या तोंडावर मी पुणे-नाशिक महामार्गालगतच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०१३ सालची डिझेल पिकअप ३,४०,००० रुपयांना घेतली. कर्जाचा बोजा उतरला आहे का, फिटनेस चालू आहे का, मालकी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आहेत का, हे सगळे मी बारकाईने पाहिले, आणि माझी सावधगिरी नेमकी तिथेच संपली.

मी सकाळी अकराला पोहोचलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवला तर तो गरम लागला. विचारल्यावर उत्तर आले, "आत्ताच एक गिऱ्हाईक चक्कर मारून गेलं, दादा." गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली, धूर दिसला नाही, आणि रिकाम्या गाडीतून सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन येईपर्यंत गिअर लोण्यासारखे पडत होते. मीटरवर ९६,००० किलोमीटर होते आणि तिन्ही पायडलचे रबर कोरे करकरीत होते. मालक हौशी असणार, असे मला वाटले. नवी रबरे गाडी किती चालली आहे ते लपवायलाही बसवतात, हे आता कळते आणि स्वतःचेच हसू येते.

तिसऱ्या आठवड्यात वीस-वीस किलोचे साठ क्रेट भरून ओतूरहून कल्याणला निघालो. माळशेज घाट उतरताना एका वळणावर तिसरा गिअर सुटला आणि दांडा आपोआप न्यूट्रलला आला. इंजिनाची पकड गेल्यामुळे सव्वा टन मालासह गाडी पुढे सुसाट निघाली. ब्रेक धरला, लायनर जळल्याचा वास आला, पण गाडी आवरली. उरलेला घाट मी डाव्या हाताने दांडा दाबून धरत उतरलो. त्याच सुमारास थंडीच्या पहाटे गाडी सुरू करताना निळा धूर निघू लागला आणि ऑइल मोजायच्या पट्टीवरचे, म्हणजे डिपस्टिकवरचे, ऑइल आठवड्यागणिक खाली जाऊ लागले.

नारायणगावच्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले आणि ते त्याच तोंडावर उलटे ठेवले. झाकण थडथड नाचू लागले आणि कडेने धुराचे भपके निघाले. याला गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात: पिस्टनच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो तो बोअर झिजले की जळालेला वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइल वर जाऊन जळते. इंजिनात नेहमीपेक्षा बरेच जाड ऑइल ओतले की हा दोष आणि आतली खडखड काही दिवस दबून राहते. गिअरबॉक्सचा नट खोलल्यावर तर ऑइल धारेने पडलेच नाही, श्रीखंडासारखा गोळा ओघळला, कारण त्यात ग्रीस कालवलेले होते. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा गुळगुळीत झाल्या होत्या आणि गिअर पकडून ठेवणाऱ्या स्लीव्हचे दात झिजले होते. असा गिअर रिकाम्या गाडीत टिकतो, मात्र उतारावर चाकांचा जोर उलटा आला की सुटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून ७८,००० रुपये गेले, शिवाय ऐन हंगामात अठरा दिवस गाडी उभी राहिली ती वेगळीच.

म्हणून जुनी पिकअप पाहायला जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, विक्रेत्याला न कळवता भल्या सकाळी जावे आणि इंजिन थंडगार असतानाच चावी फिरवावी. रेडिएटरचे झाकणही थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन चालू केल्यावर बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा, संशय घ्यावा. डिपस्टिकचे ऑइल बोटांत चोळून ते फार जाड तर नाही ना, हे पाहावे. शक्य असल्यास गाडीत वजन टाकून चढ-उतारावर न्यावी आणि उतारावर प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून गिअर सुटतो का ते पाहावे. फिटनेसच्या दाखल्यावर मात्र विसंबू नये. त्या तपासणीत गिअरबॉक्स कोणी खोलून पाहत नाही. ओळखीच्या मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी द्यावी. मी ती वाचवली होती.

व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने करारातली ओळ वाचून दाखवली: "गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली." खाली माझीच सही होती. वकिलांनी मात्र दुसरीकडे लक्ष वेधले. चॅसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, तर दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत या गाडीचे किलोमीटर २,११,००० होते. विक्रीच्या जाहिरातीतला ९६,००० च्या मीटरचा फोटो सुदैवाने माझ्या फोनमध्ये राहिला आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या गाडीचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक ठरतो आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. तो फोटो, सर्व्हिसची नोंद आणि गॅरेजची बिले जोडून तक्रारीचा मसुदा तयार झाला आहे, आणि मिस्त्रींनी काढलेल्या झिजलेल्या रिंगा मी पिशवीत बांधून ठेवल्या आहेत.