मेश नेब्युलायझर: मशीन चांगलं, बॉक्सवरचं 'नॅनो' मात्र सोडून द्या

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. कधी विडी-सिगरेट नाही, पण अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलं आणि त्याची वसुली आता फुफ्फुसांकडून चाललीय. घरात कॉम्प्रेसरवालं नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचा फवारा करून श्वासातून देणारं मशीन, आधीपासून होतं, काम चोख करतं पण आवाज असा की रात्री लावलं की अख्खा मजला जागा, आणि लाईट गेली की नुसता डबा. म्हणून हे हातात मावणारं मेश नेब्युलायझर ऑनलाइन मागवलं. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण हेच मशीन चार वेगळ्या नावांनी विकायला आहे, रंग तेवढा बदलतो.

आधी चांगलं सांगते. आवाज जवळपास नाहीच. आत एक बारीक जाळी असते, ती सेकंदाला लाखाच्या वर वेळा थरथरते आणि औषध त्या भोकांतून फवाऱ्यासारखं बाहेर पडतं, त्यामुळे पंप नाही, नळी नाही, चार्ज केलं की एसटीत बसून पण घेता येतं. दुसरं म्हणजे औषध वाया जात नाही. कॉम्प्रेसरच्या कपात शेवटी साधारण एक मिलीपर्यंत औषध तळाला आणि कडेला चिकटून राहतं, आणि बुडेकोर्टची (सूज कमी करणारं स्टिरॉइड) रेस्प्यूल, म्हणजे एका वेळच्या औषधाची प्लास्टिकची कुपी, असतेच 2 मिलीची, म्हणजे बघा. मेशमध्ये अगदी थोडं उरतं. पण म्हणूनच मशीन बदललं की डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याच रेस्प्यूलमधून आता जास्त औषध आत जाणार असतं.

आता त्या बॉक्सबद्दल. मोठ्या अक्षरांत लिहिलंय 'नॅनो मिस्ट टेक्नॉलॉजी, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत'. हे वाचून घेणार असाल तर जरा थांबा. फुफ्फुसात नीट उतरायला थेंब साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा लागतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा). त्याहून मोठा घशात आपटतो आणि गिळला जातो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा इतका हलका की श्वासाबरोबर आत जातो आणि बराचसा तसाच बाहेर येतो, सिगरेट ओढणारा धूर परत सोडतो ना, तसा. 100 नॅनोमीटरच्या खाली गेलं की कण परत आत चिकटायला लागतात हे खरंय, पण एवढ्याशा थेंबात औषध मावणार किती? 3 मायक्रॉनच्या एका थेंबातलं औषध न्यायला 100 नॅनोमीटरचे 27,000 थेंब लागतील, साधा घनाचा हिशोब आहे. आणि गंमत म्हणजे मॅन्युअलच्या मागच्या पानावर बारीक टाइपात कंपनीनेच थेंबाचा आकार 5 मायक्रॉनच्या आत असा दिलाय! म्हणजे मशीन जे करायला हवं तेच करतंय, फेकतोय तो बॉक्स.

खरं नॅनो असतं ते औषधात, मशीनमध्ये नाही. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने 2018 साली अरिकेस नावाचं औषध मंजूर केलं, त्यात अमिकासिन हे जुनंच अँटिबायोटिक चरबीच्या नॅनो आकाराच्या पिशव्यांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेलं असतं. एमएसी नावाच्या जंतूंचं फुफ्फुसाचं हट्टी इन्फेक्शन ज्यांचं बाकीच्या औषधांनी हटत नाही, त्यांच्यासाठी. हे जंतू आपल्याच ज्या पेशींत लपून बसतात त्या पेशी या पिशव्या गिळतात, औषध थेट शत्रूच्या घरात. आणि ते द्यायचं कशाने, तर त्याच्यासाठीच बनवलेल्या लामिरा नावाच्या मेश नेब्युलायझरने, म्हणजे थेंब काही मायक्रॉनचाच, नॅनो पिशव्या त्याच्या आत बसून जातात. लायपोसोमल हा शब्द आपल्याकडे 2021 ला म्युकरमायकोसिसच्या वेळी घरोघरी पोचला, अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक मेडिकल पालथी घालत होते आठवतंय का, ते शिरेतून आणि हे श्वासातून, पण पिशवीची आयडिया तीच.

आपल्या रोजच्या रेस्प्यूलमध्ये यातलं काहीच नाही. ड्युओलिन म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं, पाण्यात विरघळलेलं औषध, ते या मशीनमधून झरझर जातं. बुडेकोर्ट विरघळलेलं नसतं, त्यात औषधाचे मायक्रॉनमधले कण तरंगत असतात, आणि माझी मुख्य तक्रार इथे सुरू होते कारण ते कण जाळीत अडकतात. काही दिवसांनी फवारा बारीक झाला, मग आईचा श्वास थकायचा तरी औषध संपेना. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा म्हणाला मॅडम बॅटरी लो असेल. बॅटरी फुल होती. शेवटी जाळीचं हेड बदललं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं आणि स्वस्त नाहीये. त्यामुळे घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा की अशी न विरघळलेली औषधं चालतात का, स्पष्ट लिहिलं नसेल तर दुसरं मशीन बघा. जाळीला ब्रश, पिन, कापूस काहीही लावायचं नाही, प्रत्येक वेळी लगेच धुवायचं, आणि उकळायचं की नाही ते मॅन्युअल सांगेल तसंच. अजून एक, औषध जाळीला टेकलेलं असेल तरच चालतं, आई उशीवर कलली की बंद, म्हणून बसवूनच द्यावं लागतं. मास्क तोंडाला घट्ट हवा, आणि बुडेकोर्टनंतर चूळ भरून तोंड धुवायचं हे कुठल्याही मशीनला लागू आहे, नाहीतर तोंडात बुरशी होते.

जुना कॉम्प्रेसर विकून टाकू नका. आमच्याकडे डॉक्टरांना विचारून आता रात्री आणि प्रवासात ड्युओलिन मेशवर, बुडेकोर्ट कॉम्प्रेसरवर असं चाललंय. पाचपैकी साडेतीन स्टार, एक जाळीचा कापला आणि अर्धा त्या नॅनोचा.